अर्ध्या टाकीचा नियम

९ ऑगस्ट, रविवार

सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात भाच्याचा फोन. निम्मा चहा ओट्यावर सांडला. "मावशी, आईला मी माझ्याकडे नेतोय. कायमची. तीस तारखेचं विमान आहे, सकाळचं. भेटायचं असेल तर त्याआधी ये."

भेटायचं असेल तर! जशी काही ताई माझी लांबची चुलत कोणी.

पण त्याचं तरी काय चुकलं? चौदा महिने झाले, आम्ही दोघी बोललेलो नाही. तिने फोन केला नाही, मीही केला नाही. माफी फोनवर मागायची नसते, तोंडासमोर उभं राहून मागायची असते असं मी स्वतःला सांगत राहिले. आणि एकदा समुद्रापार गेली की या वयात कुठली परत येते ती? मी तरी कुठली जाते?

अकराशे चाळीस किलोमीटर. हातात एकवीस दिवस. दिवसाला अडीचशे धरले तरी पाच दिवसांत पोचते. एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं केली आहेत मी. हे काय अवघड!

१० ऑगस्ट

टेबलावर नकाशे पसरून बसले. टेबल म्हणजे तेच, जे दुमडून खाली केलं की पलंग होतं. या घरगाडीत प्रत्येक वस्तूला दोन-दोन नोकऱ्या आहेत. मागे शेगडी, मोरी, झोपायची जागा, पुढे स्टिअरिंग. ताईने नाव ठेवलं होतं 'म्हैस'. वाऱ्यात डुलते आणि चिखल दिसला की बसते म्हणून.

दोघींनी मिळून घेतली होती. ताई छत्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाली, मी डेपोतून. ती चाकावर, मी कागदावर. तीन वर्षं हिंडलो तशा. भांडलोही खूप — खिडकीवरून, मिठावरून, माझ्या याद्यांवरून. "तुझी यादी म्हणजे ब्रह्मवाक्य," असं ती दिवसातून दोनदा म्हणायची.

ताईकडे जायला रस्ते दोन. वरचा घाटातला: वारा, वादळ, वळणं. खालचा जंगलातला: सपाट, डिझेल कमी खातो, पण या दिवसांत वणवे.

मी वरचा धरला आहे. खालचा नको. 

११ ऑगस्ट

टँकरवाल्यांचा संप. पंपावर गाडीमागे तीसच लिटर, तेही चढ्या भावाने. शेजारच्या गाडीतले शिट्टीवाले गृहस्थ (उठल्यापासून शिट्टी, सूर एकही नाही) म्हणाले, "आठवडाभर थांबा बाई. भाव उतरला की आरामात जा. आग लागली आहे का कुठे?"

लागली नाही अजून, म्हटलं. पण लागते.

माझा नियम आहे: काटा अर्ध्याच्या खाली गेला की पुढे जायचं नाही. आधी भरायचं, भाव काहीही असो. हा नियम चौदा महिन्यांचा आहे. त्याआधीचा नियम बरोबर उलटा होता — पुढचा पंप स्वस्त असतो.

आज तीस लिटर मिळालं. उद्या परत रांगेत.

१३ ऑगस्ट

लिहून टाकते एकदाचं. इथे कोण वाचतंय?

गेल्या वर्षी जूनमध्ये खालच्या रस्त्याने चाललो होतो. काटा लाल रेघेवर आला. ताई म्हणाली, "इथेच भरू या का?" मी यादी काढली. पुढच्या गावात बराच स्वस्त होता. सत्तर किलोमीटर. टाकीत नव्वदचं डिझेल. म्हटलं, जमतंय, चल. तिने गिअर टाकला. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ते गाव आलं होतं आणि गावात चिटपाखरू नव्हतं. वणवा येतोय म्हणून सकाळीच रिकामं केलेलं. वीज नाही, पंप बंद.

ताईने गाडी मागे फिरवली. एकोणीस किलोमीटरवर म्हैस बसली. म्हणजे माझा हिशोब एका किलोमीटरने चुकला होता. एका! अजून त्याचाच राग येतो, आणि मग तो आला म्हणून स्वतःचा.

सात तास रस्त्याच्या कडेला. खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल. धूर टॉवेलांना विचारत नाही. ताईला आधीपासून दमा. आग विझवणाऱ्यांच्या गाडीने बाहेर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बारा दिवस हॉस्पिटल. तेव्हापासून तिला दहा पायऱ्या एका दमात चढवत नाहीत. जन्मभर बस चालवलेली बाई आता मागच्या सीटवर बसून जाते.

हॉस्पिटलात मी तिच्या उशाशी बसून म्हटलं, "ताई, माझं चुकलं." — नाही. असं म्हटलं नाही मी. मी म्हटलं, "वेळापत्रकात वणवा कोणी धरतं का?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. ते शेवटचं बोलणं.

१६ ऑगस्ट

निघाले. काटा पूर्ण वर. शिट्टीवाल्यांनी हात केला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त बरं वाटलं त्याने.

१८ ऑगस्ट

घाटाच्या पायथ्याशी अडवलं. वर वादळ आहे, उंच गाड्यांना बंदी. मैदानात गाडी लावली. आणखी चार-पाच गाड्या आहेत, सगळ्या जोडप्यांच्या. एकीचा नवरा छपरावर चढून कापड बांधतोय आणि ती खालून सांगतेय, "डावीकडे, डावीकडे, तुझ्या डावीकडे." ऐकत बसले.

सूप केलं. नेहमीप्रमाणे दोघींचं झालं. अजून हाताला एकीचा अंदाज येत नाही.

१९ ऑगस्ट

गारा. टपावर कोणीतरी डबे ओततंय असा आवाज. घाट बंद.

२० ऑगस्ट

बंद. आज दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला एकमेव शब्द: "नको." पाव विकणाऱ्याला म्हटलं. मग वाईट वाटलं, हाक मारून दोन घेतले.

२२ ऑगस्ट

घाटात दरड आली. महिनाअखेरपर्यंत रस्ता बंद — हवामानवाल्यांचा नाही, रस्तेवाल्यांचा फलक आहे, म्हणजे खरंच बंद.

राहिला खालचा रस्ता. ज्याला भ्यायचं तोच वाट्याला येतो.

भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मावशी, जपून ये. नाही जमलं तर राहू दे." मी विचारलं, ताई काय म्हणते. "काही नाही. तू येतेयस एवढं सांगितलं मी. तेव्हापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसते. आत ये म्हटलं तर म्हणते, इथे हवा बरी आहे."

हवा बरी आहे म्हणे! अख्ख्या मुलखात धूर आहे.

फोन ठेवल्यावर रडले थोडी. मग उठून टायरची हवा बघितली.

२४ ऑगस्ट

परत फिरून खालच्या रस्त्याला लागले. याच्यात दोनशे किलोमीटर वाया. दोन पंपांवर भरलं. दुसऱ्या पंपावरची मुलगी म्हणाली, "काकू, टाकी तर भरलेलीच आहे, सात लिटर बसलं फक्त." म्हटलं, असू दे बाई. तिला वाटलं असेल, म्हातारी भ्रमिष्ट आहे.

ताईला काय म्हणायचं ते गाडी चालवता चालवता मोठ्याने म्हणून बघते. "ताई, दोन पैसे वाचवायला गेले आणि तुझा श्वास घालवला." पहिल्या शब्दाला ठीक असते, 'श्वास'पाशी आवाज जातो. पाठ करायला हवं.

२६ ऑगस्ट

वणवा. पुढे साठ किलोमीटरवर, रस्त्याच्या डाव्या अंगाला. दुपारीही दिवे लावून चालवावं लागलं. राख पडतेय, काचेवर, नकाशावर, चहात.

आता ज्या गावात आहे तिथल्या शाळेच्या मैदानात सगळ्या गाड्या थांबवल्या आहेत. रस्ता पूर्ण बंद नाही. दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला, पुढे पोलिसांची गाडी, मागे तीस गाड्या, असं रांगेने पलीकडे नेतात. उद्या आणि परवाचे नंबर वाटले. माझा परवा दोनचा. अकरावी गाडी.

इथून ताईचं घर अडीचशे किलोमीटर. परवा अठ्ठावीस. एकोणतीसला दुपारी मी तिच्या दारात. एक अख्खी संध्याकाळ मिळेल. पुरे आहे. माफीला काय, पाच मिनिटं लागतात.

२७ ऑगस्ट

दिवसभर पंख्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागलं. धुरामुळे खिडक्या बंद, आत घुसमट. शेजारच्या गाडीतल्या आजींना माझ्या गाडीत बसवलं, त्यांचा पंखा बिघडलाय. त्या ताईसारख्याच खोकतात. मी सारखं पाणी देत राहिले. शेवटी म्हणाल्या, "अहो, बुडवता का मला?"

कितीतरी दिवसांनी हसले.

२८ ऑगस्ट

काय केलं मी हे!

पावणेबाराला काटा बघितला. अर्ध्याच्या रेघेखाली. केसभर. कालच्या इंजिनाने खाल्लं. अर्धी टाकी म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, जायचं अडीचशे. मला गणित येतं. गणितच येतं मला फक्त. पण मी खाली उतरले.

रांग लावणाऱ्या पोलिसाला म्हटलं, भरून येते. तो म्हणाला, "मॅडम, पलीकडे गेल्यावर वीस किलोमीटरवर पंप आहे. चालू आहे. मी सकाळी भरलंय तिथे. जागा सोडू नका." मी म्हटलं, मागच्या वेळीही पंप चालू असायला हवा होता. त्याला काय कळणार? तो म्हणाला, "बघा बुवा. दोनला गाड्या सुटणार, कोणासाठी थांबणार नाहीत."

गावातल्या पंपावर रांग होती. एवढी असेल असं वाटलं नव्हतं. सव्वाबारा, एक, दीड. माझ्या पुढे चार गाड्या असताना वाटलं, निघावं. निघाले नाही. आता एवढं थांबलोय तर, असं वाटतं ना, तसं.

परत आले तेव्हा दोन चाळीस. मैदान रिकामं. आणि तीनच्या सुमाराला वारा फिरला. रस्त्यावर आडवी गाडी लावली त्यांनी. पूर्ण बंद.

तोच पोलीस होता.  पाण्याची बाटली दिली आणि गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

२९ ऑगस्ट

बंद. वळसा घालून नऊशे किलोमीटर. वेळापत्रक करायचीसुद्धा गरज नाही.

भाच्याला फोन केला. आता पोचत नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "देऊ का आईला फोन? इथेच आहे." मला तिचा खोकला ऐकू येत होता. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. मी म्हटलं, "नको. धुराने घसा बसलाय माझा."

घसा ठणठणीत आहे.

३० ऑगस्ट

सकाळी उठले तर फोनवर ताईचा निरोप. विमानात चढण्याआधी बोलून ठेवलेला. दोन मिनिटांचा, त्यातलं अर्धं खोकण्यात गेलं आहे.

"छोटे, ऐक. मध्ये बोलू नकोस. म्हणजे बोलूच शकत नाहीस तू, बरंच आहे. त्या दिवशी तू झोपली होतीस तेव्हा लाकडाच्या वखारीपाशी एक पंप लागला होता. तुझ्या यादीत नव्हता. उघडा होता. माणूस बाहेर येऊन हात करत होता, पुढे जाऊ नका म्हणून. मी थांबले नाही. म्हटलं, पडू दे हिला एकदा तोंडावर, कळू दे यादीची किंमत. एवढंच होतं गं मनात. नंतर तू हॉस्पिटलात सारखी उशाशी बसायचीस, आणि मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. समोर बसून सांगणार होते. म्हणून वाट बघत होते तुझी."

तीनदा ऐकला. राग येईल म्हणून थांबले. आला नाही. चौदा महिने मला वाटत होतं, ती तिकडे माझ्यावर रागावून बसली आहे. ती तिकडे माझ्यासारखीच बसली होती, आणि परवा दोन वाजता मी डिझेलच्या रांगेत उभी होते.

फोन लावला. बंद आहे. पोचायला अजून अकरा तास लागतील.