भुरी वाट का चुकली याचा खुलासा

तीर्थरूप मामांना, हाताच्या टप्प्याबाहेरून का होईना, पण वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी धडधाकट आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. शर्यतीला सोडलेली तुमची सगळी कबुतरं परतली आणि नेमकी लाडकी भुरी आली नाही. तेव्हापासून तुम्ही धड जेवत नाही, गच्चीवर आभाळाकडे बघत बसता, असं मामींनी कळवलं. "सोडा बिनधास्त" असं तुम्हाला मीच सांगितलं होतं, म्हणून हा खुलासा. (फोनवर करता येत नाही. हल्ली माझा आवाज ऐकला की तुम्ही रिसीव्हर मामींच्या हातात देता.)

सूर्य लांबून शांत दिसतो, पण स्वभावाने थेट तुमच्यावर गेलाय. (हे मामींचं मत.) त्याच्या डागांपाशी चुंबकीय रेषांचा गुंता होतो, पीळ वाढत जातो, आणि एकदा का ताण असह्य झाला की त्या फटकन तुटून नव्याने जोडल्या जातात. तेव्हा उडणारा भडका म्हणजे सौरज्वाला. तिचा उजेड आठ मिनिटांत पोहोचतो आणि लांब पल्ल्याचे रेडिओ मुके होतात. कधी तिच्यासोबत विद्युतभारित वायूचा प्रचंड ढगही निघतो, पण तो येतो दोन-तीन दिवसांनी. (मामींचा आवाज आधी आणि जिना चढून मामी नंतर, तसं.) तो पृथ्वीवर आदळला आणि त्याचं चुंबकत्व आपल्या उलट दिशेचं असलं, तर वादळ. मग होकायंत्राची सुई थरथरते, उपग्रह बावचळतात, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधाराने घर शोधणाऱ्या पाखरांचाही गोंधळ उडू शकतो.

आता माझा गाढवपणा. सूर्यावरच्या वादळांचे अंदाज काढणाऱ्या आमच्या कचेरीत "होईल" किंवा "होणार नाही" असं कुणी म्हणतच नाही. चहा घेणार का विचारलं तरी "साठ टक्के शक्यता" असं उत्तर येतं. त्या खेपेला भडका सूर्याच्या कडेला उडाला होता. ढग बाजूने जाईल, ओझरता धक्का बसण्याची शक्यता वीस टक्के, असा आमचा अंदाज. मी तो तसाच वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "टक्के ठेव तुझ्यापाशी. सोडू की नको, एवढं सांग." जन्मात पहिल्यांदा तुम्ही पाखरांबद्दल मला काही विचारलं होतं, मामा. मी हुरळले आणि "सोडा" म्हणाले. ढगाची कड लागलीच. साहेब म्हणतात, वीस टक्के म्हणजे शून्य नव्हे. ते मलाही कळतं, पण भुरीला कोण सांगणार? फार वाईट वाटतं हो.

दोन घास खात जा.

तुमची,
टिटवी

ता. क. भुरी माझ्याकडे आहे. हे वरच लिहायला हवं होतं, पण मग बाकीचं तुम्ही वाचलंच नसतं. मोबाइल म्हणजे कटकट म्हणून तिच्या पायातल्या कडीवर तुम्ही माझा नंबर घातलाय ना? ती एका शिंप्याच्या कपाटावर जाऊन बसली होती. त्याचा फोन आला आणि काल मी तिला घेऊन आले. ठणठणीत आहे.

आणखी एक ता. क. बसने पाठव म्हणू नका. आज तिने माझ्या पुस्तकांच्या फळीवर अंडं घातलंय आणि ती जागची हलायला तयार नाही. "पाखरांना सोडून कसा येऊ?" म्हणत तुम्ही इतक्या वर्षांत माझ्या घरी एकदाही आला नाहीत. आता पाखरूच इथे आहे. पिल्लू उडेपर्यंत राहायला या. घर फार शांत आहे, मामा.

शेवटचा ता. क. मामींना सगळं ठाऊक आहे. बाकीच्या कबुतरांना दाणे त्या घालतील. तुमची बॅग भरून दारामागे ठेवली आहे.