मामांच्या पेनाची निब

शहादे, २२ डिसें. १९५८
महिनाभर भुसावळकडे भटकून काल परत. मामांनी नुसतं पेन हातात दिलं. निब खरखरते, कागद फाडते, नंदुरबारच्या निब घासणाऱ्या चाचांकडून नीट करून आण म्हणाले. मामा कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितात, वीस वर्षं याच पेनानं. आतले सगळे त्यांचं अक्षर ओळखतात. निघताना, "पेन दवडी उना ते घरमा पाय ठेवू नको."

२३ डिसें., नंदुरबार
चाचा घड्याळाच्या दुकानाच्या ओट्यावर. डोळ्याला भिंग, मांडीवर काचेचा तुकडा. रांगेत सगळे कारकून, मास्तर. चाचांची रीत अशी की आधी पेनवाल्याला चार ओळी लिहायला लावायच्या. कागद बघत नाहीत, हात बघतात. त्या हाताप्रमाणे निब घासायची. मग ती दुसऱ्याला चालत नाही, आणि घासलेलं परत येत नाही.
"पेन कोनं शे?"
"मन्हं."
का म्हणालो कोण जाणे. एवढ्या मास्तरांत सोनेरी निबेचं पेन माझ्याच हातात होतं, म्हणून असेल.
लिहिलं. चाचांनी निब भिंगाखाली धरली, माझा हात बघितला, परत निब.
"तुन्हा हात ते चांगला शे भो. मंग निब अशी कशी घसायनी? हात थरथरस का तुन्हा?"
"ताप येल व्हता."
"वरीसभर ताप व्हता का रे?"
मागचे मास्तर हसले. मीही हसलो. दहा मिनिटांत निब तयार. कागद लागतच नाही! मुक्काम स्टेशनात.

२४ डिसें.
एस.टी. प्रकाश्याला थांबली तेव्हा एकदम लक्षात आलं. या पेनाला मामांशिवाय कोणी हात लावलेला नाही. मामीसुद्धा नाही.
मग हात थरथरतो कोणाचा?
तिथंच उतरलो.  सारंगखेड्याच्या जत्रेला निघालेल्या घोडेवाल्यांच्या गाडीत चढलो. घरी जायचं नव्हतं एवढं खरं.

२७ डिसें., शहादे
घोडे बघण्यात तीन दिवस. एक पांढरी घोडी अशी की... जाऊ दे.
मामी दारातच, जत्रेची बातमी तिला आधीच पोचलेली. "उना का राजा? घोडा लयना का?"
मामा पेनावाचून घरीच बसलेले, चार दिवस लोक परत पाठवले. लगेच कागद घेतला. दुसऱ्या शब्दाला निब अडकली. पेन फिरवून बघितलं, तिरकं धरलं, उभं धरलं. मी अक्षर बघत होतो. वर्षभरात त्यांनी लिहिलेलं काही मी पाहिलंच नव्हतं. ओळ कोंबडीच्या पायासारखी. हे मामांचं?
"चाचानी कोनाकडथून लिखाडं?"
"मन्हाकडथून."
ओरडतील वाटलं. टोपण लावायला लागले. तिसऱ्यांदा लागलं.
चुलीपाशी मामी हळूच, "मांगना वरीसनी दिवाळीपाईन चहाना कप दोन्ही हातमा धरतस. निबले नाव ठेवतस. कोनले सांगू नको."
जेवलो नाही.

२९ डिसें., सोम.
सकाळी मामांनी मला कचेरीसमोर शेजारी बसवलं. ब्राह्मणपुरीचे एक पाटील आलेले, शेतातली वाट शेजाऱ्यानं अडवली त्याचा अर्ज. मामांनी पेन माझ्यापुढं ठेवलं. "मी सांगस, तू लिख."
पाटील बिचकून मामांना म्हणाले, "हाऊ पोऱ्या लिखी? मन्हं काम बिघडी ना नाना!"
"बोट दुखस मन्हं. भाचा शे, लिख रे."
लिहिलं. मामा न अडखळता सांगत गेले, एक शब्द मागं घेतला नाही. शेवटी अर्ज लिहिणाऱ्याचं नाव घालायचं असतं. मी मामांकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मन्हंच टाक."
 टाकलं!
पाटील अर्ज घेऊन आत गेले आणि थोड्या वेळात परत आले. "काय लिखं रे बाबा? शिरस्तेदार कागद धरी बठेल शे, अक्षर कोनं शे इचारस. उद्या अकराले तुमले दोन्हीस्ले बलायेल शे."
मामांनी दुपारीच बैठक गुंडाळली.  आता ओसरीवर पडलेत, उजवा हात डाव्याखाली दाबून. मी लिहितोय तर म्हणाले, "सकायले लवकर आंग धोई ले. कोठे निंघी जाऊ नको."