चि. स्वराज यास रडण्याची परवानगी मिळणेबाबत

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
कै. भागीबाई स्मृती माध्यमिक विद्यालय,
ता. जि. नाशिक.

विषय : ‘धैर्यवान विद्यार्थी’ प्रमाणपत्र परत घेऊन इ. ७ वी ‘ब’ मधील चि. स्वराज रवी विधाते यास रडण्याची लेखी परवानगी देणेबाबत.

संदर्भ : आपण २६ जानेवारी रोजी दिलेले उपरोक्त प्रमाणपत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी फूलशेती करतो. माझी पत्नी उज्वला हिचे गेल्या ऑगस्टमध्ये अल्पशा आजाराने निधन झाले. मागे दहावीतली मुलगी सृष्टी व मुलगा स्वराज आहेत. सृष्टीला बायांनी कुशीत घेतले, ती रडून मोकळी झाली. स्वराजला आम्ही पुरुषांत उभे केले. तो बारा वर्षांचा आहे.

१. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास गेला. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असे होते, म्हणून नातेवाइकांनी एकेक करून पुढे व्हायचे व शब्द द्यायचा, अशी आमच्यात रीत आहे. सासऱ्यांनी सृष्टीच्या शिक्षणाचा शब्द दिला. भावाने मळा न विकण्याचा दिला. कावळे जागचे हलेनात. शेवटी मी हात जोडून म्हणालो, “उज्वला, स्वराजची काळजी करू नको. वाघ हाय तो. रडणार नाय.” त्याबरोबर कावळा खाली उतरला व शिवला. सगळे म्हणाले, तिचा जीव पोरात अडकला होता. त्या वेळी स्वराज माझा शर्ट धरून शेजारीच उभा होता, हे माझ्या ध्यानात राहिले नाही.

२. तेव्हापासून आजतागायत तो रडलेला नाही. दिवाळीत झेंडूचे क्रेट भरताना टेम्पोच्या फाळक्यात त्याचे बोट सापडले, नख उचकटून आले. डॉक्टर टाका घालताना सुईपेक्षा त्याच्या तोंडाकडेच जास्त बघत होते. पोराने हूं की चूं केले नाही. मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे लपवत नाही. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, त्यातले गाढव मी होतो.

३. संक्रांतीला सृष्टी आईच्या फोटोपुढे रडत बसली असता स्वराजने तिच्या थोबाडीत मारली. त्याने आजवर कोणावर हात उचललेला नव्हता. विचारले तर म्हणाला, “ती रडली की मलापण येतं. आन् मी रडलो तर आई परत अडकंल. तुम्हीच शब्द दिलाय ना, पप्पा?” महोदय, मी त्याला रड म्हणालो, हात जोडले, शेवटी ओरडलोसुद्धा. तो माझी समजूत घालू लागला. दुसऱ्या दिवशी मी रामकुंडावर गुरुजींकडे गेलो. दिलेला शब्द परत घेण्याचा विधी नाही, असे त्यांनी सांगितले.

४. त्यातच आपण झेंडावंदनाला माइकवरून म्हणालात, “मुलगा असावा तर असा. आई गेली, पण डोळ्यांत थेंब नाही.” साऱ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. आपला हेतू चांगला होता, व मूळ चूक माझी आहे, त्यामुळे तक्रार म्हणून लिहीत नाही. परंतु आता पाचवीतली पोरे पडून रडली तरी त्यांना स्वराजकडे बघायला सांगतात, असे समजते. तसेच शनिवारी मुलींशी बोलायला समुपदेशक मॅडम येतात, त्या तासाला मुलांना कबड्डीला पाठवतात. कबड्डीला माझा विरोध नाही. पण त्या मॅडम मुलांनाही लागतात.

५. सबब विनंती की, सोबत जोडलेले प्रमाणपत्र परत घ्यावे, व स्वराजला शाळेच्या लेटरहेडवर, गोल शिक्का व जावक क्रमांकासह, रडण्याची परवानगी द्यावी. वेळ, ठिकाण व मुदत यांची अट घालू नये. चालू तासाला रडला तर तोंड धुवायला पाठवू नये, मला फोन करावा. मी बाजारात माल सोडून येईन. परवानगी परिपाठात वाचून दाखवावी, म्हणजे ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या पोरांच्याही कानावर जाईल.

हा अर्ज वेड्यासारखा वाटेल याची मला कल्पना आहे. आपल्या शाळेत अशी परवानगी देण्याचा नमुना नसेल, तर कोऱ्या कागदावर द्यावी. मात्र ती माझ्या नावे न देता थेट त्याच्या नावे द्यावी, कारण मी सांगून आता उपयोग नाही. आईला दिलेला बापाचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही, म्हणून तो सहा महिने दात आवळून जगतो आहे.

आपला नम्र व चुकलेला पालक,

(सही)
रवी कारभारी विधाते