कादंबऱ्या वाचणारा इसम शुद्धीवर असल्याबाबत

दिनांक : २० मार्च २०२५

प्रति,
मा. विवाह अधिकारी,
विशेष विवाह नोंदणी कार्यालय,
अहिल्यानगर.

अर्जदार : काकासाहेब राम म्हसे, वय ४१, धंदा शेती व ट्रॅक्टर,
रा. देवळाली प्रवरा, ता. राहुरी.

विषय : अर्जदार प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतो, सबब तो वेडसर असून त्याची विवाहास संमती ग्राह्य धरू नये, या हरकतीवरील खुलासा.

संदर्भ : १) विवाहाची नोटीस, दि. ३ फेब्रुवारी २०२५
२) श्री. रंभाजी राम म्हसे यांची हरकत, दि. २४ फेब्रुवारी २०२५
३) दि. १० मार्चच्या सुनावणीतील आपले तोंडी आदेश

महोदय,

अर्जदार शुद्धीवर आहे. पुढील मजकूर तो कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही, आणि लिहायला बसण्यापूर्वी त्याने दोन दिवस एकही कादंबरी हातात घेतलेली नाही, याची प्रथम नोंद घ्यावी.

१. अर्जदार व यशोधरा भीमराज साळवे, वय ३७, ग्रंथपाल, यांनी आपल्याकडे विवाहाची नोटीस दिली. ती फलकावर लागली. एकविसाव्या दिवशी अर्जदाराचे थोरले बंधू रंभाजी यांनी चार पानी हरकत दाखल केली. हरकतीवर निर्णय देण्याची मुदत २६ मार्चला संपते, आणि सुनावणी सोमवारी, २४ मार्चला सकाळी अकरा वाजता आहे. त्या दिवशी दोन निर्णय व्हायचे आहेत. एक आपण द्यायचा आहे. दुसरा यशोधरा यांचा आहे, आणि अर्जदाराला खरी धास्ती त्याचीच आहे. त्याबाबत कलम ७ मध्ये लिहिले आहे. तत्पूर्वी हरकतीचा समाचार घेणे भाग आहे.

२. हरकतीतील पहिला मुद्दा असा की, अर्जदार साखर कारखान्याच्या यार्डात उसाची ट्रॉली रांगेत लावून प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतो व रडतो. हे खरे आहे. गाळप जोरात असले की नंबर लागायला दहा-दहा तास जातात. त्या वेळात कोणी पत्ते कुटतो, कोणी मोबाईलमध्ये मान घालून बसतो. अर्जदार मडगार्डवर टेकून वाचतो. पत्ते खेळणारा शहाणा आणि वाचणारा वेडा, असा शासन निर्णय असल्यास त्याची प्रत मिळावी.

या मुद्द्यावर ट्रॅक्टरचालक अंगद यांची साक्षीदार म्हणून सही आहे. त्यांनी अर्जदाराला १२ डिसेंबर रोजी रडताना पाहिले, आणि त्या नादात अर्जदाराचा नंबर हुकला, असे ते म्हणतात. बरोबर आहे. अंगद यांनी जे सांगितले नाही ते असे की, अर्जदार मोठ्याने वाचत असताना ते स्वतः पलीकडच्या चाकाशी बसून ऐकत होते. त्यांचाही नंबर त्याच कारणाने हुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी कादंबरीतल्या बाईचेच विचारले, "त्या मास्तरीणबाईचं काय झालं रं? उठली का न्हाई?" मग ऊस भरायला गेले.

३. अर्जदार या कादंबऱ्या का वाचतो, हे आपण सुनावणीत विचारले होते. तेव्हा थोरले बंधू शेजारी उभे होते. त्याचे उत्तर आता लिहून देत आहे. दहा वर्षांत अर्जदाराने एकतीस मुली पाहिल्या. सगळीकडे चहा-पोहे झाले, आणि मुलगा पुण्याला नोकरीला असता तर बरे झाले असते असे सांगितले गेले. अर्जदार वाचनालयात पेपरातला कांद्याचा भाव बघायला जात असे. एक दिवस ग्रंथपालबाईंनी भाव वाचून झाल्यावर एक पुस्तक पुढे केले आणि म्हणाल्या, यात भाव पडत नाहीत.

त्या पुस्तकात एक शिवणकाम करणारी बाई होती. नवरा सोडून गेलेला, मशीन कर्जाची, पावलोपावली अपमान. तरी ती उठते, दुकान मांडते, देवावर नाही तर माणसांवर विश्वास ठेवायला पुन्हा शिकते, आणि शेवटी एक साधा माणूस तिच्या दुकानात बटण लावून घ्यायला येतो. अर्जदाराने ते पुस्तक एका बैठकीत संपवले. या पुस्तकांत दहाव्या-अकराव्या प्रकरणात गैरसमज होतो आणि शेवटच्या पानावर सगळे ठीक होते, हे अर्जदाराला चांगले ठाऊक आहे. ठाऊक असूनही दहाव्या प्रकरणात तो पुस्तक मिटून ट्रॉलीभोवती एक फेरी मारून येतो. त्यात मजा आहे. दिवसभर उसाच्या पाल्याने अंग चरचरत असताना कोणाचे तरी नीट होताना पाहणे, यापेक्षा चांगली विश्रांती अर्जदाराला माहीत नाही. हा गुन्हा असेल तर तो कबूल आहे.

४. हरकतीतील दुसरा मुद्दा गंभीर आहे. अर्जदाराने अस्तित्वात नसलेल्या बाईच्या प्रकृतीसाठी मोहट्याच्या देवीला नवस केला आणि नंतर तो पेढे वाटून फेडला, असे बंधूंनी लिहिले आहे. हेही खरे आहे. वाचनालयाचे दाखल क्रमांक ११६२ हे पुस्तक एका डोंगराळ गावातल्या शिक्षिकेचे आहे. अपघातात तिचे पाय जातात की राहतात असा प्रसंग, ऑपरेशन थिएटरचा दरवाजा बंद होतो, आणि पुढची सोळा पाने नाहीत. कोणीतरी फाडून नेलेली. अर्जदाराला त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी तोंडातून नवस निघून गेला. तोंडातून गेलेला नवस परत घेता येत नाही, हे बंधूंनाही माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या विहिरीवरच्या मोटारीला पाणी लागावे म्हणून त्यांनी त्याच देवीला दोनदा साकडे घातले आहे, आणि मोटारीला तर पायही नाहीत.

५. तिसरा मुद्दा असा की, अर्जदार घरातही हीच पुस्तके मोठ्याने वाचत बसतो, आणि त्याला साक्षीदार म्हणून अर्जदाराच्या आई छबूबाई यांचे नाव आहे. आई निरक्षर आहेत. दुपारी शेंगा निवडताना अर्जदार त्यांना वाचून दाखवतो. त्यांचा अंगठ्याचा जबाब सोबत जोडला आहे. तो त्यांच्याच शब्दांत असा, "माझं पोरगं येडं न्हाई. येडं असतं तर पोरगी घिऊन पळालं असतं. हे तर साहेबाकडं अर्ज घिऊन गेलंय."

आपल्या आदेशाप्रमाणे मानसोपचार तज्ज्ञांचे प्रमाणपत्रही जोडले आहे. डॉक्टरांनी विचारले, कानात आवाज येतात का? अर्जदाराने खरे तेच सांगितले, वाचताना येतात. कोणाचे? पात्रांचे. पुस्तक मिटल्यावरही? थोडा वेळ. डॉक्टरांनी प्रकृती उत्तम असल्याचे लिहून दिले.

६. आता हरकतीत जे लिहिलेले नाही ते. अर्जदार मराठा, यशोधरा बौद्ध. चार पानांत जात हा शब्द एकदाही आलेला नाही. घरात मात्र दुसरा शब्दच नव्हता. बंधू म्हणाले, "एकतीस पोरी पाहून जमलं न्हाई म्हणून आता तिकडं जायचं व्हय? आमी गावात तोंड कसं दाखवायचं?" वकिलाने त्यांना सांगितले असावे की, ही हरकत कायद्यात बसत नाही. म्हणून त्यांनी बसणारी शोधली. सख्ख्या भावाला वेडा ठरवण्याची लाज त्यांना वाटली नाही, याचे अर्जदाराला फार वाईट वाटते. लहानपणी त्याच भावाने त्याला खांद्यावर बसवून कालव्यापलीकडे शाळेत नेले आहे.

दि. १२ मार्चपासून वाचनालय बंद होण्याच्या सुमारास समोरच्या चिंचेखाली दोन मोटारसायकली येऊन थांबतात. यशोधरा कुलूप लावतात, किल्ली पर्समध्ये टाकतात, चालू लागतात, तेव्हा गाड्या सुरू होतात आणि पायी चालणाऱ्याच्या वेगाने घरापर्यंत मागे येतात. त्यांचे वडील भीमराज गुरुजी, वय ६८, रोज अर्ध्या वाटेवर सामोरे येतात. वाचनालयाच्या समितीने यशोधरा यांना काही दिवस रजा घेण्याचे सुचवले. त्यांनी घेतली नाही. गुरुजींनी अर्जदाराला इतकेच कळवले आहे की, सही लांबली तरी चालेल, मुलीची मान खाली जाता कामा नये. अर्जदारही त्याच मताचा आहे, पण गाड्या रोज येतात आणि अर्जदाराला शेतात काम सुधरत नाही.

७. वरील सर्व असूनही यशोधरा डगमगल्या नाहीत. डगमगल्या त्या आपल्या कार्यालयात, हरकत वाचली जात असताना. सुनावणीनंतर एसटी स्टँडवर त्यांनी अर्जदाराला जे सांगितले ते जसेच्या तसे देत आहे. त्या म्हणाल्या, "साहेबांना तुम्ही पटवाल. पण भाऊ म्हणतात त्यात थोडं खरं असलं तर? तुम्हाला मी पाहिजे, का ती पुस्तकातली? मला कुणाच्या गोष्टीत राहायला जायचं नाही. सोमवारच्या आत सांगा. नाहीतर मी नोटीस मागे घेते." अर्जदाराने तोंड उघडले, तेव्हा त्यांनी हात वर केला. "बोलू नका. बोलणं तुम्हाला सगळं पुस्तकातलं येतं. लिहून द्या. साधं."

अर्जदाराने अकरा वेळा लिहून फाडले. प्रत्येक वाक्य कुठेतरी वाचलेले निघाले. शेवटी त्याच्या ध्यानात आले की, आयुष्यात त्याने पीकविमा, वीजजोडणी आणि रस्त्याच्या वादापायी ज्या भाषेत लिहिले, ती एकच भाषा अशी आहे जिच्यात आजवर कोणत्याही नायकाने काही म्हटलेले नाही. म्हणून हा खुलासा लांबला आहे.

८. सबब, अर्जदार पुढील वस्तुस्थिती नमूद करतो.

नवस बोलल्याचे कळल्यावर यशोधरा रागावल्या होत्या. त्या नवस मानत नाहीत. चार दिवसांत पाने मिळवून देते, तोवर देवीला त्रास देऊ नका, असे त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्यांनी पुस्तकात सोळा पाने शिवून दिली, वहीची, हाताने लिहिलेली. दुसऱ्या वाचनालयातून उतरवून आणली, असे सांगितले. अर्जदाराने विश्वास ठेवला, वाचली, पेढे वाटले.

जानेवारीत श्रीरामपूरला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर अर्जदाराला तीच कादंबरी अखंड मिळाली. त्याने शेवटची सोळा पाने उभ्यानेच वाचली. छापील पुस्तकात देवळात घंटा वाजते, शिक्षिका उठून चालू लागते, आणि नायक तिला उचलून उंबरठ्याच्या आत नेतो. शेवट चांगला आहे. अर्जदार गाड्यावरच रडला. परंतु त्यात वहीतल्या सोळा पानांमधले एक वाक्यही नव्हते.

वहीतल्या पानांत ऑपरेशन निम्मेच यशस्वी होते. बाई काठी घेऊन उठते. ती काठी जन्मभराची आहे, असे डॉक्टर सांगतात. ती रिक्षाने नायकाच्या दारात येते, उतरत नाही, आणि म्हणते, "दया येत असेल तर आत्ताच सांगा, रिक्षा थांबवली आहे." नायक म्हणतो, "रिक्षाला जाऊ द्या." इतकेच. पुढे दोघे चहा करतात आणि साखर संपलेली असते. सातव्या पानावर तीन ओळी खोडलेल्या आहेत आणि त्या उजेडाला धरूनही वाचता येत नाहीत.

ही पाने कोणाची आहेत हे अर्जदाराला त्या दिवसापासून माहीत आहे. त्याने यशोधरा यांना ते आजवर सांगितले नाही. आपले गुपित कोणाला कळले हे समजल्यावर त्या वाचनालयाचे दार लावून घेतील, अशी भीती वाटली. पुढच्याच रविवारी, झेंडावंदन झाल्यावर, त्याने त्यांना लग्नाचे विचारले. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, तीस दिवस नोटीस लागते ना, तसेच करू, तुम्हाला विचाराला वेळ मिळेल. अर्जदाराला तीस मिनिटांचीही गरज नव्हती.

पुस्तकातली नायिका अर्जदाराने वाचली आहे, तिचे कुशल आहे, आणि तिच्याकडून त्याचे काही मागणे नाही. कोणत्याही कादंबरीतल्या नायिकेला पित्ताचा त्रास नाही. यशोधरा यांना आहे, आणि त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलू नये. त्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला घरापर्यंत जाऊन झापतात. नाही लगेच म्हणतात, हो म्हणायला चार दिवस घेतात. त्यांना अर्जदाराचा बैलपोळ्याचा शर्ट आवडत नाही. अर्जदाराला त्या हव्या आहेत. त्यांनी नोटीस मागे घेतली तरी हव्या राहतील, परंतु मग तो त्यांच्या वाटेत येणार नाही.

९. तरी विनंती की,
(अ) हरकत २४ मार्च रोजीच निकाली काढावी.
(ब) त्या दिवशी कार्यालयाबाहेर पोलीस बंदोबस्त द्यावा. अर्जदारासाठी नको, गुरुजी आणि त्यांच्या मुलीसाठी.
(क) बंधू रंभाजी यांच्यावर खोट्या हरकतीबद्दल कारवाई करू नये. त्यांना सही करायला बोलवावे. तिसऱ्या साक्षीदाराची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
काकासाहेब राम म्हसे

सोबत :
१) मानसोपचार तज्ज्ञांचे प्रमाणपत्र
२) छबूबाई राम म्हसे यांचा अंगठ्याचा जबाब
३) हस्तलिखित सोळा पानांची झेरॉक्स (मूळ पाने अर्जदार कोणत्याही कार्यालयात जमा करणार नाही)

प्रत : यशोधरा भीमराज साळवे यांना माहितीसाठी व निर्णयासाठी.
ही प्रत आपल्या प्रतीच्या एक दिवस आधी देण्यात आली आहे, याबद्दल क्षमा असावी.