बाबांच्या वतीने लिहिलेली पत्रं

३ फेब्रु.
सकाळी बुद्धवंदना आटोपून सुभेदारसाहेबांना कांगड्याला फोन लावला. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला येतायत! ऐंशीच्या घरात आहेत, तरी येतायत. एकाहत्तरच्या लढाईत बाबा फौजेच्या बचाव-नावेवर, जखमी काढायच्या कामावर. मांडीत गोळी लागलेल्या साहेबांना रावीतून त्यांनीच ओढून काढलं. तेव्हापासून दरवर्षी साहेबांचं पत्र. बाबांचं हिंदी कच्चं. गावच्या शाळेत माझं अक्षर चांगलं म्हणून पाचवीपासून उत्तरं मीच लिहायचो, बाबा सांगतील तशी.
२२ला विहारात कार्यक्रम; रावीतल्या त्या बचावावर भाषण मी करायचं ठरलं.

९ फेब्रु., रवि.
उमरेडला गेलो, नामदेवकाकांना आमंत्रण द्यायला. बाबांसोबत त्याच तुकडीत होते, नंतर कोळसा खाणीत लागले. सुभेदार येणार म्हणताच काकांनी पत्रिका खाली ठेवली. काकूच बोलली.
"सांगून टाका न जी आता. का मेल्यावर सांगता?"
"तू चूप राय वं."
"चाळीस वर्षं चूपच तर आहो."
मग काका, खाली बघत : "तुया बाप नावेत नव्हता गा त्या दिवशी. इंजिनवाला होता तो, काठावर दुरुस्तीले. त्या सुभेदाराले मी ओढलं."
साहेब दवाखान्यात असताना काका नावेच्या पुढच्या खेपेला गेलेले. भेटायला बाबा गेले. साहेबांनी हात धरून विचारलं, तूच का? बाबा नाही म्हणाले नाहीत. एवढंच. मग पत्रं सुरू झाली.
"काका, तुम्ही काहून नाही बोलले?"
"बोललो न एकदा तुया बापाले. म्हणे, नाम्या, पोरगं किती अभिमानानं पत्र लिहिते. आता त्याले कसं सांगू?"
म्हणजे मी. माझ्या आडून.

१० फेब्रु.
वंदना चौथ्या शीलापाशी अडली. खोटं न बोलण्याचं शील. हे पंचशील बाबांनीच मांडीवर बसवून पाठ करून घेतलं होतं. चुकलो की पहिल्यापासून.
हिंगण्याला कारखान्यात कामावर गेलो. लक्ष नाही. दोनदा एकच माप घेतलं.

१२ फेब्रु.
आठवलं. सहावीत असताना एका पत्रात मी आपल्या मनाने घातलं होतं : "पानी इतना ठंडा था कि हाथ अपने नहीं लगते थे." बाबांनी वाचून घेतलं. थोडं थांबून म्हणाले, "असंच राहू दे." मला ती शाबासकी वाटली. आठ दिवस हवेत होतो.
गोळीबारात काठावर बसून नावांची इंजिनं चालू ठेवायची, हे काय कमी होतं? तेवढंच सांगितलं असतं तर मला जन्मभर पुरलं असतं. बाबा, तुम्हाला का नाही पुरलं?

१५ फेब्रु.
बायकोला, शोभाला सांगितलं. तिचं म्हणणं सरळ : "मेलेल्या माणसाचं कशाले उकरता? म्हाताऱ्याले आनंदानं येऊन जाऊ द्या न."
"आणि काका?"
"त्यायनं मागितलं काय?"
नाही मागितलं. तेच तर.

१८ फेब्रु.
काकांना फोन केला. साहेबांना घेऊन येतो म्हटलं.
"आणू नको गा. काय बोलू मी त्याच्यासंगं?"
बरं म्हणालो. ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "चालते का तो नीट? मांडीत लागली होती त्याले."
त्यानंतर काय करायचं ते माझ्या मनात पक्कं झालं. बाबांच्या फोटोकडे मात्र बघवत नाही.

२२ फेब्रु.
आमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहितोय, काकांच्या ओसरीवर बसून. वहीत नंतर उतरवीन.
सकाळी साहेब स्टेशनवर उतरले. काठी आहे, पण चालतात. मला मिठी मारून रडले, "बिलकुल पिताजी पर गए हो." मी गाडी विहाराकडे न नेता उमरेडच्या रस्त्याला घेतली आणि सगळं सांगितलं. पत्रं मी लिहिली हेही. थंड पाण्याचं वाक्य माझं, हेही. मी गाडी वळवू का, विचारलं.
"वह आदमी ज़िंदा है?"
"हो. जी हाँ."
"तो चलो."
काकूने दार उघडलं. साहेब काठी टेकत आत गेले. मी नाही गेलो. अर्धा तास झाला, दोघं आतच आहेत.
शोभाचा तिसरा फोन : "लोक येऊन बसले जी. भाषणाचं काय सांगू?"
म्हटलं, सांग, मी बोलणार नाही.