थेल्मा बाबिच यांचा थांबवून ठेवलेला डाव गुरुवारी बंद न पाडणेबाबत

प्रति,
मा. श्री. ग्लेन डेलुका,
इमारत व वीज सुरक्षा अधिकारी,
नगर कार्यालय, कोल्टन फेरी,
पेनसिल्व्हेनिया.

विषय : जुन्या शाळेच्या तळघराची वीज उद्या गुरुवारी न तोडता पुढील बुधवारी तोडणेबाबत, व मधल्या मंगळवारी आपण जातीने हजर राहणेबाबत.

संदर्भ : १) आपली सूचना, तळघराच्या दारावर चिकटपट्टीने लावलेली.
२) आपला पाहणी अहवाल.
३) पाहणीच्या वेळी आपण केलेले, पण अहवालात न आलेले उद्योग.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून मी, खाली सही करणारा लेनर्ड ह्रुस्का, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त शाळाबस चालक आणि कोल्टन फेरी गृहसंगणक मंडळाचा चिटणीस, सविनय कळवितो की आपली सूचना वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'गुरुवारी सकाळी मुख्य स्विच बंद करून तारा बदलण्यात येतील. वीज परत आल्यावर उपकरणे पुन्हा चालू करून घ्यावीत,' असे तिच्यात लिहिले आहे. महोदय, हे 'पुन्हा चालू करून घ्यावीत' आपण ज्या सहजतेने लिहिले, तिचा मला हेवा वाटतो.

२. आमची यंत्रे ज्या काळी संगणक घरच्या टीव्हीला जोडत आणि बातम्यांची वेळ झाली की वडील उपटून ठेवत, त्या काळची आहेत. आम्ही ती मुलांसाठी हौसेने घेतली. मुले मोठी होऊन पिट्सबर्गला गेली आणि यंत्रे आमच्या गळ्यात पडली. आम्ही त्यांची बटणे स्पिरिटने पुसतो, आतले फुगलेले भाग बदलतो, कॅसेटच्या सैल फिती पेन्सिलीने गुंडाळतो आणि त्यांवरचे खेळ जिवंत ठेवतो. ह्या यंत्रांना एक खोड आहे. वीज गेली की त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. कोण खेळत होते, किती गुण झाले, सगळे साफ. पुन्हा चालू केले की आपली कधी ओळखच नव्हती अशा थाटात समोर येतात.

३. आता कोपऱ्यातल्या, आपल्या अहवालात 'अनुक्रमांक चार, निरुपयोगी, विल्हेवाटीस योग्य' म्हणून नोंदलेल्या यंत्राविषयी. त्यावर 'खेकड्यांची खाडी' हा खेळ आहे. होडीतून जाळे टाकायचे, मासे ओढायचे आणि खेकड्याने दोरी कापण्याआधी सटकायचे, नाहीतर होडी बुडते आणि एक जीव जातो. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासांतल्या एका शुक्रवारी आमच्या सभासद थेल्मा बाबिच, निवृत्त पोस्ट कर्मचारी, हा खेळ खेळत होत्या. त्यांचा शेवटचा एकच जीव उरला होता, आणि माझा उच्चांक मोडायला फक्त एक जाळे कमी होते. एक! मी मागे उभा राहून घामाघूम झालो होतो. तेवढ्यात, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून गावासाठी मासळी तळतात त्या शेजारच्या स्वयंपाकघरातून अ‍ॅग्नेस पाल्को बाईंनी मासळीच्या सँडविचसाठी थेल्मांचा नंबर पुकारला. थेल्मांनी डाव थांबवण्याचे बटण दाबले, उठल्या आणि म्हणाल्या, "हात लावायचा नाही कुणी. मी आलेच."

त्या आल्या नाहीत. सँडविचच्या रांगेतच त्यांना भोवळ आली. रुग्णवाहिकेत मी बरोबर बसलो होतो. त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाल्या, "लेनर्ड, यंत्र बंद केलंस तर याद राख. तुझं आता काही खरं नाही." रविवारी त्या गेल्या.

४. मंडळाचा सर्वांत जुना नियम असा की, खेळणारा 'मी आलेच' म्हणून उठला, तर तो परत येईपर्यंत त्याच्या यंत्राला कोणी बोट लावायचे नाही. हा नियम भांडणे टाळण्यासाठी केला होता. त्यात मरणाची तरतूद नाही. नियम बदलण्याचा विषय सभेत एकदा निघाला, तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. म्हणून ते यंत्र त्या शुक्रवारपासून चालू आहे. त्याचा टीव्ही आम्ही बंद ठेवतो, नाहीतर काचेवर डाग पडेल. दर मंगळवारी जमलो की क्षणभर टीव्ही लावून बघतो. होडी जागच्या जागी, खेकडा नांगी उगारून उभा, कोपऱ्यात थेल्मांचे गुण. कोणीतरी "आहे" म्हणतो, टीव्ही बंद करतो आणि मग आम्ही कॉफी ओततो.

५. आपण म्हणाल, गुण कागदावर लिहून ठेवा आणि मोकळे व्हा. म्हणालातच. परंतु आमच्या भिंतीवरच्या फळ्यावर फक्त पुरा झालेला डाव चढतो. अर्धा डाव म्हणजे डावच नव्हे. माझा उच्चांक त्या फळ्यावर पांढऱ्या रंगात आहे. तारा तोडा नाहीतर इमारत पाडा, माझे कोणी काही वाकडे करू शकत नाही. थेल्मांचे जे काही आहे ते त्या यंत्राच्या पोटात, आणि उद्या सकाळी आपला माणूस स्विच खाली ओढणार. मग थेल्मा माझ्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या असे होईल आणि मी मरेपर्यंत पहिला राहीन. अभिनंदनाला लोक येतील, तेव्हा त्यांना काय सांगू? की आमच्या नगराने तारा बदलल्या म्हणून मी जिंकलो? यंत्र उघडून थेल्मांचा आकडा हाताने भरता येतो, हेही मला ठाऊक आहे. तो प्रकार मेलेल्या माणसाची खोटी सही करण्यातला आहे आणि तो मी करणार नाही.

६. अग्निसुरक्षेबाबत आपण काढलेल्या हरकतींचा खुलासा पुढीलप्रमाणे. यंत्राचा वीजठोकळा, म्हणजे अडॅप्टर, तापतो, हे खरे आहे. म्हणून तो आम्ही विटेवर ठेवला आणि त्याच्यासमोर छोटा पंखा लावला. त्यावर आपण 'निर्मनुष्य खोलीत विटेला वारा घालण्यात येत आहे' असा शेरा मारलात. शेरा वाचून आम्हीही हसलो. पण वारा थांबवला नाही. शुक्रवारी स्वयंपाकघरात तळणीच्या कढया आणि कॉफीचे मोठे पातेले एकदम चालू झाले की फ्यूज उडतो, म्हणून वर्षभर प्रत्येक मासळीच्या शुक्रवारी मी फ्यूजच्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसतो आणि अ‍ॅग्नेसबाईंना एक कढई बंद ठेवायला लावतो. त्या मला तोंडावर म्हणाल्या, "लेनर्ड, बाहेर जिवंत माणसं ताटं घेऊन उभी आहेत आणि तू मेलीचा खेळ राखत बसलायस. तुला काही लाज?" मी म्हटले, नाही. त्यांनी झारा आपटला आणि कढई बंद केली.

७. आता आपल्या पाहणीबद्दल. बोलू नये, पण विषय आपणच काढलात. 'सदर यंत्रांचा नागरिकांस काहीही उपयोग आढळून आला नाही,' असे आपण लिहिले आहे. महोदय, त्या दिवशी दुपारी आपण "दोनच मिनिटं" म्हणून अनुक्रमांक दोनच्या यंत्रावर हीच 'खेकड्यांची खाडी' खेळायला बसलात. जेवणाची सुट्टी संपली, आपले सँडविच गार झाले, कार्यालयातून दोनदा फोन आला, तो आपण कापला. खेकड्याला आपण जे शब्द वापरलेत ते ह्या अर्जात लिहिता येत नाहीत. उठताना आपण म्हणालात, "हे सगळं माझ्या फोनवर फुकट मिळतं." मिळत असेल. मग अंगातला कोट काढून, बाह्या वर सारून, आमच्याकडे पुन्हा पुन्हा का बुडत होतात? नागरिकांस उपयोग नाही म्हणता, तर आपण कोण?

८. तारा बदलायला आमचा विरोध नाही. जुन्या झाल्या आहेत, जळतील एखाद्या दिवशी. पण तेवढा वेळ यंत्र जिवंत ठेवायला आम्ही सुचवलेला प्रत्येक मार्ग आपण मोडून काढला. समोरच्या अग्निशमन केंद्रातून लांब वायर आणतो म्हटले, तर रस्त्यावर वायर टाकायला मनाई. वायर हातात उंच धरून माणसांची रांग उभी करतो म्हटले, तर मिरवणुकीचा परवाना लागतो. बॅटरी आणली, तर तिच्यावर आपला शिक्का नाही म्हणून ती जप्त. ती बॅटरी आपल्या कार्यालयात कॉफीच्या यंत्राखाली लावलेली मी परवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही.

९. मूळ मुद्दा असा. आपली सूचना लागल्याने एक चांगले झाले. जे बोलण्याचे धाडस वर्षभर कोणाला झाले नव्हते, ते काल रात्रीच्या सभेत आमचे खजिनदार वॉल्टर सिमिक बोलले. ते म्हणाले, "थेल्मा येणार नाही आता. तिचा डाव कुणीतरी पुरा करायला हवा." मग ठराव झाला : थेल्मांचा उरलेला एक जीव त्यांच्या नावाने दुसऱ्या सभासदाने खेळावा, जे गुण होतील ते त्यांच्या नावावर फळ्यावर चढावेत आणि त्यानंतर यंत्र बंद करावे. आता खेळणार कोण? खाडीच्या त्या टोकापर्यंत मंडळात दोघेच पोचले होते. एक थेल्मा, दुसरा मी.

त्यावर वॉल्टर भर सभेत म्हणाले, "हा स्वतःचा उच्चांक स्वतः मोडणार? बुडवील लेकाचा, आणि वर रडूनही दाखवील." आणि कोणी, महोदय, कोणीही, त्यांना गप्प बस म्हटले नाही. इतकी वर्षे ज्यांच्याबरोबर बसलो, त्यांचा हा विश्वास! मी रागाने टोपी घातली आणि निघालो. दारात अ‍ॅग्नेसबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. म्हणाल्या, "मी तिचा नंबर पुकारला नसता तर डाव संपवूनच उठली असती रे ती. ह्या शुक्रवारी लागेल तर एकाच कढईवर तळीन. पण तिचा डाव पुरा कर, मेल्या." मी टोपी काढून परत आत जाऊन बसलो.

शेवटी तोडगा असा निघाला की, मी खेळावे, पण मंडळाबाहेरचा एक पंच माझ्या खांद्याशी उभा राहून बघेल. बुडालो तर खरोखर बुडालो की मुद्दाम, हे तो सांगेल आणि त्याचा निकाल सर्वांना मान्य राहील. असा पंच खेळ खेळलेला हवा, सरकारी हवा आणि माझ्या बाजूचा नसावा. तिन्ही अटींत बसणारे गावात फक्त आपण आहात. शिवाय प्रामाणिकपणे बुडणे कसे दिसते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही.

आज रात्रीच का खेळत नाही, असा प्रश्न आपण काढाल. कालच्या सभेनंतर मी अनुक्रमांक दोनवर सराव केला, त्यात उजवा अंगठा सुजला. डॉक्टरीणबाईंनी बर्फ लावायला आणि जॉयस्टिकपासून लांब राहायला सांगितले आहे. मंगळवारपर्यंत तो वळेल.

तरी विनंती एवढीच की, वीज गुरुवारऐवजी पुढच्या बुधवारी तोडावी आणि मंगळवारी संध्याकाळी आपण यावे. सँडविच आम्ही देऊ, गरम असताना खायला मिळेल. मी ह्या बाईला हरवण्यासाठी आयुष्यातले किती मंगळवार घालवले ते माझ्या बायकोला विचारा. थेल्मा जिंकल्या की घरी जाऊन मी जेवत नसे. आता त्यांनी जिंकावे म्हणून मला खेळायचे आहे. मला भीती वाटते, महोदय. एका जाळ्यासाठी मी खरोखर बुडालो तर ती मेल्यावरही माझ्याकडून हरली असे होईल, आणि तसे नाही, हे मी त्या दिवशी तिच्या मागे उभा राहून पाहिले आहे.

डाव कसाही संपो. तो संपला की आपल्या माणसाची गरज पडणार नाही, स्विच मीच बंद करीन. ती आता येणार नाही, हे आम्हा सर्वांना कळले आहे. यंत्राला तेवढे सांगायचे राहिले आहे, आणि ते सांगायला ओळखीचे माणूस हवे.

मंगळवारी आपली वाट पाहणारा,
आपला नम्र,

(लेनर्ड ह्रुस्का)
चिटणीस, कोल्टन फेरी गृहसंगणक मंडळ,
आणि देवाची कृपा असेल तर मंगळवारपर्यंतच उच्चांकाचा मानकरी.

११ मार्च, बुधवार

सोबत :
१) कालच्या ठरावाची प्रत, वॉल्टर सिमिक यांच्या सहीसह. माझ्यावरचे उद्गार त्यांनी मागे घेतलेले नाहीत.
२) अ‍ॅग्नेस पाल्को यांची हरकत नसल्याची चिठ्ठी. डाग तेलाचा आहे.
३) फळ्याचा फोटो. माझ्या नावाच्या वर 'थेल्मा बाबिच' हे नाव मी आज सकाळी डाव्या हाताने रंगवले. पुढे आकड्याची जागा कोरी सोडली आहे.