वस्ताद गावाला गेलेत म्हणे

२७ ऑक्टो., सोम. बारामती.
छातीत कळ आली म्हणून कन्हेरीहून मला लेकीच्या, मंगलच्या घरी हलवलं. पोतं हलवतात तसंच. डॉ.चं फर्मान : जिना नाही, जोर नाही, ओरडणं नाही, तालमीत पाऊल नाही. आयुष्यभर शाळेत पी.टी. आणि संध्याकाळी तालीम, दुसरं केलं काय मी? आता न्हाणीघरात जायचं तरी लेक दाराशी उभी. दिवाळीचे फराळाचे डबे कपाटावर, माझा हात पोचणार नाही अशा बेताने. जावईबापू एमआयडीसीत डेअरीला, सकाळीच मोटारसायकल काढून पसार. माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून असेल.
नात सानिका तेवढी जवळ. मॅटवरच्या सरावावरून आली की टीव्ही लावते. जपानी कार्टून. म्हटलं, एवढी थोरली झालीस, राज्याची कुस्ती खेळायचं म्हणतीस आन् कार्टून बघतीस?
"कार्टून न्हाय आबा, ॲनिमे म्हणत्यात. मारामारीचं हाय. बघा तर."
पाहिलं आणि हबकलो. तांबड्या केसांचं एक पोरगं, अंगावर तोळाभर मांस नाही, त्यानं डोंगराएवढा गडी उचलून आपटला. डाव कुठला? डावच नाही. नुसतं ओरडलं.

२८ ऑक्टो., मंगळ.
मालिकेचं नाव जिभेवर येत नाही. मी ‘सात शिखरं’ म्हणतो. पोराला तांबड्या. सात डोंगर, प्रत्येकावर एक पहिलवान, सगळ्यांना चीत करायचं. जपानी माणसं हिंदीत बोलतात.
सानिका जन्मायच्या आधीपासून चालू आहे म्हणे. सात शिखरं झाली, तर पलीकडे आणखी डोंगर निघाले. मग सिनेमे. मग तांबड्याच्या पोराची वेगळी मालिका.
"आन् संपतं कवा?"
"संपत न्हाय आबा."
बसल्या जागी सुन्न झालो. निकाल न लागणारी कुस्ती! पंच कुठं उलथला?

३० ऑक्टो., गुरु.
तिसऱ्या शिखरावरची कुस्ती दुपारी लागली, दिवे लागेपर्यंत चालूच. भाग बदलतो, पकड तीच. मध्येच, पकडीत असताना, तांबड्याला लहानपण आठवतं. आई, बर्फ, मोडकी खेळणी. अरे, समोरचा मान मोडतोय तुझी! त्याचे दोस्त कडेला उभे राहून "बापरे, काय ताकद" एवढंच म्हणतात. ह्याच दोस्तांनी पहिल्या शिखरावर केवढे पराक्रम केले होते. आता नुसते टाळ्या वाजवायला ठेवलेत.
शेवटी माझ्या तोंडून निघालंच, "निकाल दे की रं, भडव्या!"
मंगल उलथनं घेऊन धावत आली. टीव्ही बंद. मला बोलणी, सानिकाला बोलणी.
खरा धक्का पुढेच. टीव्ही बंद झाल्याचं मला वाईट वाटलं.

२ नोव्हें., रवि.
लंगडे वस्ताद आले!! मालिकेत. हातात काठी, एक पाय ओढत चालतात. तांबड्याला डोंगरावर पाणी वाहायला लावतात. पोरगं विचारतं, लढायला कधी शिकवणार? म्हातारा जेवत राहतो. वा! ह्या माणसाला तालीम कळते. लिहिणाऱ्यानं कुठंतरी माती अंगाला लावलेली असणार.
मोठं बळ आहे हे ह्या मालिकेचं. पोराची मेहनत सगळी दाखवतात, घाई करत नाहीत. हरलेल्याला हात देऊन उठवतात. कालचा वैरी आज पंगतीला. आणखी एक. लढायला निघताना पोरगं वाकून नमस्कार करतं, म्हातारा पाठीवर थाप देतो. तंतोतंत आपलं. माझ्या पाया पडल्याशिवाय आणि पाठीत थाप खाल्ल्याशिवाय माझा एक पठ्ठा आजवर आखाड्यात उतरला नाही. सानिका तर नाहीच.
ती म्हणाली, "तुमच्यासारखंच हाय म्हातारं. खाष्ट."
बरं वाटलं. दाखवलं नाही.

५ नोव्हें., बुध.
तपासण्यांचा निकाल. मला वाटलं होतं गोळ्यांवर भागेल, फार तर ते फुगा घालून करतात तसलं काही. डॉ. म्हणाले, बायपास. छाती उघडायची. पुण्याहून सर्जन येणार, तारीख २०.
मंगल रडली. सानिका दारात भिजवलेले बदाम सोलत उभी होती, सोललेला बदाम परत पाण्यात टाकला.
२० लाच इंदापूरला तिची निवड चाचणी. वर्षभर त्याच दिवसाकडे डोळे लावून बसलोय दोघं.
म्हटलं, "तू तिकडं, मी हिकडं. दोघं जिकून येऊ."
ती बदामांचं पाणी ओतायला निघून गेली.

७ नोव्हें., शुक्र.
आजच्या भागात लंगडे वस्ताद नाहीत. काल सहाव्या शिखराची तयारी जोरात, आज म्हातारा गायब.
"वस्ताद कुठं गेलं?"
"गावाला गेलंत."
"कुस्ती तोंडावर असताना? कुठला वस्ताद गावाला जाईल?"
"जपानात जात्यात आबा. गप बघा."
मला हे काही झेपलं नाही. तांबड्याचा जोर एकाएकी दुप्पट. केस उभे, डोळे विझल्यासारखे. सहावं शिखर एका भागात मारलं. कशाच्या जिवावर? खुराक तोच, मेहनत तीच. लिहिणाऱ्यानं इथं शेण खाल्लं. एवढा चांगला माणूस आणायचा आणि विसरून जायचं.

९ नोव्हें., रवि.
चवबदल म्हणून कालपासून दुसरी मालिका. भुतं पकडणाऱ्यांची. चित्रं काय देखणी! पाऊस पडतो तो खरा वाटतो. पण रक्त फार. मेलेली माणसं दहा भागांनी चालत परत येतात, मग कुणी मेलं तरी माझ्या पोटात काही हलत नाही. ही मोठी खोट. तिथंही एक शिकवणारी बाई, तोंडाची फाटकी, मला आवडली. दोन दिवसांत तीही गायब.
"ही पण गावाला?"
"व्हय."
तिसरी, लोखंडी यंत्रांत बसून लढणाऱ्यांची. तिथला म्हातारा कप्तानही दिसेनासा झाला. सानिका म्हणाली, त्याची बदली झाली.
मी चिडलो. म्हटलं, ह्या जपान्यांना म्हातारी माणसं सांभाळता येत न्हाईत. सानिका उठून बूट धुवायला गेली. बूट कालच धुतले होते.

१२ नोव्हें., बुध.

दुपारी सानिका मॅटवर, मंगल दळणाला गेलेली. रिमोट कसा दाबायचा ते जा.बापूंनी शिकवलंय. बघून झालेल्या भागाखाली तांबडी रेघ येते. ‘सात शिखरं’ उघडली, वर जाऊन पाहिलं. सगळ्या भागांना रेघ, मधल्या एकाला नाही.
तो लावला.
लंगडे वस्ताद गावाला गेलेले नाहीत. पोराला वाचवायला मध्ये पडले. छातीत भाला. बर्फात पडलेत, तांबड्या मांडीवर डोकं घेऊन बसलाय.
मी टीव्ही बंद करायचंही विसरलो. छातीत धडधड, गोळी जिभेखाली ठेवली. मंगल आली तेव्हा दुसराच भाग लागला होता. तिला म्हटलं, काही नाही, जपानी लोक फार ओरडतात.
पोरीनं मला मेलेला वस्ताद दाखवला नाही. तिन्ही मालिकांत दाखवला नाही.

१३ नोव्हें., गुरु.
सानिकाला काही बोललो नाही. तिनंही पुढचा भाग लावला, आम्ही दोघं शहाण्यासारखे बघत बसलो. म्हातारा नाही, आणि दोघंही विचारत नाही.
संध्याकाळी मॅटच्या सरांचा फोन. ते मला वस्ताद म्हणतात. "वस्ताद, तब्येतीला जपा. आणि सानिकानं चाचणीतनं नाव मागं घेतलं ते ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू."
काय? मी काही कळू दिलं नाही. हो हो म्हणालो. वर्षभर पहाटे उठून मेहनत केली त्या पोरीनं. आणि मला न सांगता—

१४ नोव्हें., शुक्र.
विचारलं. सरळच. नाव का काढलं?
"तुमचं ऑपरेशन हाय की."
"माझ्याजवळ तुझी आई हाय, बाप हाय, डॉक्टर हायेत. खरं सांग."
नखं कुरतडायला लागली. मग बोलली ते जसंच्या तसं लिहितो.
"सगळ्यांत तसंच हाय आबा. वस्ताद हाय तवर पोरगं हरतं. वस्ताद गेला की मोठी कुस्ती मारतं. एक मालिका न्हाय जिथं वस्ताद राहिला. मी इंदापुरात हरले तर काय न्हाय. पण जिकले तर?"
जिंकली तर मी जाईन, हे तिच्या डोक्यात बसलंय. म्हणून लढायचंच नाही.
आखाड्यात भले भले अंगावर घेतले, पण असा कुणी मला उताणा पाडला नव्हता. रागावू की जवळ घेऊ? दोन्ही जमलं नाही. "चहा टाक," एवढंच म्हणालो. बाहेर उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या, तिचं रडणं त्यात मंगलला ऐकू गेलं नाही तेवढं बरं झालं.

१६ नोव्हें., रवि.
आज मीच म्हटलं, तो भाग लाव.
"कुठला?"
"गावाला गेल्याला."
तिचा चेहरा पांढरा पडला. आता त्या भागाखालीही पडलेली रेघ मी दाखवली, मग कबूल झाली. दोघं बसलो. भाला लागला. आणि लंगडे वस्ताद बोलायला लागले. तांबड्याला उपदेश, त्याच्या दोस्तांना उपदेश, मग मेलेल्या बायकोची आठवण, मग पुन्हा उपदेश.
मी म्हटलं, "थांब. मला हितनं न्हाणीपतूर गेलं तर ‘टॉवेल दे’ म्हणता येत न्हाय. आन् ह्यो छातीत भाला घिऊन भाषण करतोय?"
ती फिसकन हसली. हसता हसताच रडली.
मग मी पंच म्हणून निकाल सांगितला. पूर्ण मालिकेचा. मेहनत खरी, मैत्री खरी, हरण्याची लाज खरी, तिथं पैकीच्या पैकी. ओरडून जोर वाढतो ते खोटं. पण सगळ्यात मोठी खोट ही. "लिवणाऱ्याला वस्ताद कळला न्हाय. पोरगं जिकलं, वस्ताद जिता हाय, तर त्याला पुढं काय लिवावं सुचत न्हाय. म्हणून मारतो. मला इचार पुढं काय व्हतं. वस्ताद खुर्चीत बसतो, चहा पितो आन् जिकलेल्या पोराच्या चुका काढतो."
"आन् आबा, जर तुमी..."
मी म्हटलं, पुढं लाव. इथं लिहून ठेवतो, तिला सांगितलं नाही. मलाही भीती वाटते. फार वाटते. छाती उघडणार म्हणजे काय करणार, हे डोळ्यांपुढून जात नाही.
भाग संपताना तांबड्याला आठवतं, वस्तादांना शेवटचा नमस्कार केला तोच निरोप ठरला. सानिकानं तेवढंच मागे नेऊन परत पाहिलं.

१८ नोव्हें., मंगळ.
दवाखान्यात भरती. सरांना फोन केला. म्हणाले, नाव पुन्हा घालतो, पण २० ला वजनं व्हायच्या आत पोरगी इंदापुरात उभी पाहिजे.
सानिकाला निरोप सांगितला. ऐकून घेतला. डब्यात खिचडी आणली होती, मीठ विसरलेली. मी नावं न ठेवता सगळी खाल्ली. मंगल बघतच राहिली.

२० नोव्हें., गुरु. सकाळ.
छातीवरचे केस काढले. मिश्या राहू दिल्या, वाद घालावा लागला. मागून उघडा असलेला हिरवा सदरा घातलाय. माझ्या पठ्ठ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील.
सानिका आली. पाठीवर सॅक, सॅकला बूट बांधलेले. "एसटीला उशीर व्हतोय," म्हणाली. कुठली एसटी, मी विचारलं नाही. कन्हेरीची, इंदापूरची, सगळ्या एकाच स्टँडवरून सुटतात.
मी उठून बसलो. पाय चादरीबाहेर काढले, हात थापेसाठी उचलला. सवयच ती.
तिनं पायांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.
"आत्ता न्हाय आबा. आल्यावर."
माझा हात तसाच वर. एवढ्या वर्षांत एक पठ्ठा असा गेला नाही. मंगल तिच्यावर ओरडली, पोरी आजच्या दिवशी तरी! मी मंगलला गप केलं.
गेली. वळून पाहिलं नाही.
आता स्ट्रेचर येईल. मंगल म्हणते, आबा, एसी गार आहे, पाय झाका. मी झाकू दिले नाहीत.